वारसाचा रकाना

कुपवाड एमआयडीसीत, मगदूम हायड्रॉलिक्सच्या
पत्र्याच्या केबिनमध्ये मी हिशेब बघते.
कूलंटचा वास टेबलात मुरलाय,
हजेरीपटाच्या पानांतसुद्धा.

मार्चात विश्रामबागेतून कुंभोजकर आले,
आणि चौदा माणसांची पुढची आजारपणं
एका तक्त्यात मांडून गेले.
स्वतः, जोडीदार, दोन मुलं: तीन लाखांपर्यंत.
आईवडील धरले तर हप्ता जवळजवळ दुप्पट.
बाहुबलीअण्णा कॅल्क्युलेटरवर
तोच आकडा तीनदा मारून बघत होते,
जणू चौथ्यांदा तो कमी येईल.

मंगळवारी आणि शुक्रवारी अण्णा अकरालाच निघतात.
आईला मिरजेला न्यायचं असतं, डायलिसिसला.
त्या दिवशी शुक्रवार होता.
किल्ली उचलत म्हणाले,
"आईबापासकट घ्या. दिवाळीचं दिवाळीला बघू."
हे बाहेर कळल्यावर
सगळेच काही खूश झाले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत लोखंडी बारांच्या थप्पीवर बसून
सगळ्यांनी ऐकलं. टर्म म्हणजे काय,
जुनी शुगर असेल तर काय विचारायचं,
बिल न भरता दवाखाना कुठला.
दस्तगीर नदाफनं डबा झाकला.
"जगलो तर पैसे परत न्हाईत.
म्हंजे हरल्याबिगर जिंकायचं न्हाई, असंच ना?"
कुंभोजकर हसले, पण उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.
ते तम्माण्णानं दिलं, तंबाखू मळत:
"पुलावर फुटांचे आकडे रंगवल्यात.
पाणी चढलं न्हाई म्हणून
कुणी ते पुसून टाकतं का, लेका?"

आणि एक गोष्ट कुंभोजकरांनी दोनदा सांगितली.
हे कवच कंपनीचं. नोकरी सुटली की ते इथंच राहतं,
दाराशी टेकवून ठेवलेल्या छत्रीसारखं.
घरी स्वतःची एक असू द्या, लहान का असेना.
माना डोलल्या. भोंगा झाला.

मग फॉर्म.
मला वाटलं होतं, आकड्यांचं काम आहे.
तम्माण्णानं बायकोचं नाव सांगितलं आणि विचारलं,
हिला कळवणार तर नाही ना, किती मिळणार ते?
दस्तगीरला आईची जन्मतारीख ठाऊक नव्हती.
"कोयनेच्या भूकंपात ती पाळण्यात हुती,"
म्हणाला, "त्यावरनं काढा."
मी काढली.

भरमू आलदरनं भावाचं नाव लिहिलं, सही केली,
ग्राइंडिंगवर परत गेला.
आठ दिवसांनी आला. खिशातून
चहाच्या पुडीचा कागद, त्यावर पेन्सिलीनं:
रत्नाबाई हणमंत कोळी, मुक्काम बुधगाव.
"भाऊ काढा. ही घाला."
मधलं नाव भरमूचं नव्हतं.
मी विचारलं नाही. विचारलं ते संगणकानं.
नातं?
"ते मोकळंच ठेवा की."
मोकळं ठेवलं तर तो पुढं जात नाही,
लाल चौकट दाखवत राहतो.
मी यादी उघडली: पत्नी, आई, बहीण, मुलगी,
खाली खाली जात सगळ्यात शेवटी, इतर.
भरमूनं बोट लावून वाचलं.
"इतर म्हंजी?"
"म्हणजे... यातलं कुठलंच नाही, असं."
"ह्यातलं समदंच हाय की,"
एवढं बोलला आणि कान लाल करून उभा राहिला.

मी इतर दाबलं. हिरवी खूण आली.
बाहेर त्याचं चाक पुन्हा फिरायला लागलं,
ठिणग्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन विझत होत्या.

तेराच फॉर्म पाठवलेत.
चौदावा माझा. वारसाच्या रकान्यात
मागच्या वेळचंच नाव आपोआप उमटलंय,
वडिलांचं. जूनमध्ये दोन वर्षं होतील.
बदलायला हवं.
सोमवारी बदलते.